नक्कीकाका आणि इमारतीचं एक डोकं

नक्कीकाकांना हे नाव पडलं ते त्यांच्या कामामुळे. ते राहायचे त्याच इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्यांचं एक दुकान होतं. पुढच्या भागात काचेच्या कपाटांतल्या फ्रेमा, आरसे आणि गल्ल्यावर त्याच इमारतीत राहणाऱ्या मालकीणबाई. पडद्यामागे एक अंधारी खोली, तिच्यात उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजेडातला तक्ता, आणि भिंगांच्या पेटीशी उभे नक्कीकाका. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ते त्याच्या नाकावर जड लोखंडी चौकट चढवायचे, तिच्यात एक भिंग सरकवायचे, मग ते काढून दुसरं, आणि विचारायचे, "हे बरं की आधीचं?"

"हे."

"नक्की का?"

आता एवढं तर डोळे तपासणारा कुणीही विचारेल. पण काकांच्या 'नक्की का'मध्ये असं काही होतं की भल्याभल्यांची खात्री डळमळायची. "नाही, थांबा, आधीचं बरं होतं बहुतेक," गिऱ्हाईक म्हणायचं. "नक्की का?" काका तितक्याच मायेने विचारायचे. माणूस आत येताना छाती काढून यायचा, आणि बाहेर पडताना त्याला स्वतःचं वयसुद्धा खात्रीने सांगता यायचं नाही.

खुर्चीबाहेरही ही सवय त्यांना सोडत नव्हती. दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हटलं की, नक्की का? डॉक्टरांनी तुम्हाला काहीही झालेलं नाही म्हटलं की, नक्की का? इमारतीच्या जिन्याला रंग द्यायचा विषय वर्षानुवर्षं लोंबकळत होता तो याच पायी. सभा भरायची, कुणी पिवळा म्हणायचं, कुणी पांढरा, सगळं जमत यायचं, आणि मागच्या खुर्चीवरून तो हळुवार आवाज यायचा. झालं, लोक पुन्हा विचारात पडायचे आणि जेवायची वेळ व्हायची. शेवटी कुणा वैतागलेल्याने 'नक्की का' आणि 'काका' यांची गाठ मारून दिली.

काकू मात्र अगदी उलट. त्यांचं सगळं नक्की असायचं. "कुलूप लावलंस? नक्की का?" "हो, नक्की." "हा माणूस तुझा मामेभाऊच ना? नक्की का?" "हो, नक्की." अशा माणसाला अशी खंबीर बायको मिळाली म्हणून इमारतीला काकूंचं फार कौतुक होतं.

तर एका सकाळी तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई चष्म्याचा नंबर बघून घ्यायला दुकानात आल्या. येताना त्यांनी छत्र्या अडकवायच्या खांबाला "कशी आहेस गं?" विचारलं, खुर्चीवर बसताना अर्ध्या खुर्चीबाहेर बसल्या, आणि काकांनी त्यांना सावरून सरळ केलं. नंबर चांगलाच वाढलाय, काका मनात म्हणाले.

"बाई, वरून वाचा. दिसेल तेवढंच."

मास्तरीणबाईंनी वरपासून खालपर्यंत अख्खा तक्ता धडाधड वाचून टाकला. शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता, तोही वाचला. काकांनी तक्ता बदलला. तोही घडाघडा. काकांनी त्यांचा उजवा डोळा झाकला, मग डावा, मग दोन्ही. बाई वाचतच होत्या.

"बाई, डोळे झाकलेत तुमचे!"

"मग काय झालं? तुम्ही वाचताय ना मनात, तेच मी म्हणतेय. आणि तुमच्या डाव्या बुटात खडा आहे, तो काढा आधी. मला टोचतोय."

काकांनी मुकाट्याने बूट काढून झटकला. बारीकसा खडा पडला. त्याच क्षणी वर दुसऱ्या मजल्यावरून सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंचा आवाज आला, "हुश्श! बरं वाटलं!"

याची सुरुवात अशी झाली. कशामुळे झाली हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पहिल्या मजल्यावर राहणारे बसचे ड्रायव्हर गच्चीवरच्या नव्या टाकीला दोष द्यायचे, मालकीणबाई हवेला. पण संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची डोकी एकमेकांत मिसळली होती, जणू मधल्या भिंती काढून एकच मोठी खोली केली होती. बोलायची गरज उरली नाही. काकू भाजी ढवळता ढवळता गिअर टाकायला लागल्या, कारण ड्रायव्हरसाहेब घाटात होते. ड्रायव्हरसाहेब गाडी चालवता चालवता मागच्या प्रवाशाचं व्याकरण सुधारायला लागले, कारण मास्तरीणबाईंना राहवत नव्हतं.

पहिले दोन दिवस लोक घराबाहेर पडेनात. आपल्या मनातलं सगळ्यांना दिसतंय म्हटल्यावर तोंड कसं दाखवायचं? ज्याने त्याने आपापली लाजिरवाणी गोष्ट उशीखाली दडपल्यासारखी मनाच्या तळाशी लपवली. पण मन एकच झालं होतं, तळही एकच. तिथे सगळ्यांनी एकाच वेळी हात घातला आणि बघतात तो काय, सगळ्यांनी तेच लपवलेलं. प्रत्येकाला आपलं नाक मोठं वाटत होतं. प्रत्येकजण लग्नांचे अल्बम न बघता पानं उलटत "वा, वा" म्हणत होता. इमारतीच्या दारात अध्यक्षीणबाईंनी ठेवलेलं शोभेचं झाड प्लॅस्टिकचं होतं, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून जो तो येता-जाता त्याला पाणी घालत होता. स्वतः बाईसुद्धा घालत होत्या, कारण इतकी माणसं इतक्या प्रेमाने पाणी घालतात तर त्यांचा हिरमोड कशाला करा!

एवढं कळल्यावर सगळी इमारत आपापल्या घरात बसून एकदम हसली. रस्त्याने जाणारे लोक थबकून वर बघायला लागले.

त्या हसण्यानंतर नक्कीकाकांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. ते सकाळी उठले, दात घासले, आणि ब्रश आपलाच आहे का असा विचार त्यांच्या मनात आला नाही. दुकानात जाताना घराचं कुलूप एकदाच ओढून बघितलं. कुलूप लागलंय हे त्यांच्याबरोबर सगळ्या इमारतीला माहीत होतं. कशाविषयी खात्री करून घ्यायची तर ती आधीच झालेली असायची. उभ्या आयुष्यात त्यांना अशी खात्री कधी लाभली नव्हती. थंडीतून आल्यावर कुणी अंगावर जाड पांघरूण टाकावं तसं वाटत होतं. भिंगांच्या पेटीशी उभं राहून ते गुणगुणायला लागले. मालकीणबाईंना काकांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ते गाताना पहिल्यांदाच ऐकू आले, आणि ते बेसूर गातात हेही सगळ्यांना एकदम कळलं.

धंदा मात्र बसला. इमारतीतलं कुणीही खुर्चीत बसलं तरी तक्ता काकांच्याच डोळ्यांनी वाचायचं. सगळ्यांची नजर उत्तम. "जाऊ दे," मालकीणबाई म्हणाल्या, म्हणजे म्हणाल्या नाहीत, तसं सगळ्यांना वाटलं, "कधी नाही ते काका सुखात आहेत."

मग जिन्याच्या रंगाची सभा भरली. नेहमीसारख्या अंगणात खुर्च्या मांडल्या, लोक बसले. कुणी काही बोललं नाही. अध्यक्षीणबाईंना जांभळा रंग फार दिवसांपासून हवा होता, आणि ज्याची हौस सगळ्यात जोरकस तिकडे सगळं मन उताराने पाणी जावं तसं वाहत गेलं. हात वर झाले. सगळ्यात पहिला हात कुणाचा, तर नक्कीकाकांचा! खरं तर तो हात वर जाताना काकांच्या मनात कुठेतरी बारीक काहीतरी वळवळलं होतं. पण त्यांनी त्याला दाबलं. इतक्या वर्षांनी सगळ्यांबरोबर हात वर करायला मिळत होता. त्या एका वळवळीपायी कोण मजा घालवणार?

रविवारी रंगकाम निघालं, आणि ते बघायला गर्दी जमली. कारण असं रंगकाम कुणी पाहिलेलंच नव्हतं. कुणी कुणाला सूचना देत नव्हतं. एकाचा ब्रश उचलला जायचा तेव्हा दुसऱ्याचा टेकायचा. मास्तरीणबाई न बघता मागे हात करायच्या आणि हातात डबा यायचा. गच्चीपासून सुरू केलं, कठडा, भिंत, पायरी, पायरी, पायरी असं करत सगळे खाली उतरत आले. अंगणात आल्यावर सगळ्यात खालची पायरी रंगवली, डब्यांना झाकणं घातली, चार पावलं मागे सरकले आणि कंबरेवर हात ठेवून कौतुकाने बघत उभे राहिले. जिना जांभळा चमकत होता. सबंध ओला. आणि सगळी इमारत बाहेर.

वर जायला दुसरी वाट नव्हती. हे प्रत्येकाच्या लक्षात पायरी रंगवतानाच आलं होतं. पण प्रत्येकाला वाटलं की एवढ्या सगळ्यांची डोकी आहेत, त्यातल्या कुणी ना कुणी याचा विचार केलाच असणार.

तरीही कुणी घाबरलं नाही. घाबरायला एकाने तरी सुरुवात करावी लागते. सगळे शांतपणे कठड्याकडे बघत उभे होते. तेवढ्यात जळका वास यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी गॅसवर बटाटे उकडत ठेवले होते. ते सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे म्हटल्यावर कुणीतरी गॅस बंद केलाच असेल, असं सगळ्यांना वाटत होतं, अगदी काकूंनासुद्धा. आणि वास येत होता तोही प्रत्येकाला दुसऱ्याच्या नाकातला वाटत होता.

नक्कीकाकांच्या मनात ते पुन्हा वळवळलं. त्यांनी दाबलं. पुन्हा वळवळलं. त्यांनी अंगावरच्या त्या उबदार पांघरुणाकडे एकदा डोळे भरून बघितलं, म्हणजे मनातल्या मनात, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तोंड उघडून मोठ्याने विचारलं,

"हा वास नक्की कुणाच्या नाकातला आहे?"

ताटं पडल्यावर दचकावं तसे सगळे दचकले. जो तो आपापलं नाक चाचपायला लागला. "माझ्या!" ड्रायव्हरसाहेब ओरडले. "अहो, माझ्यापण!" मालकीणबाई म्हणाल्या. काका तोवर बूट काढून जिन्यावर धावले होते. पहिल्याच वळणावर ते घसरले, कठडा धरला, कठडाही ओलाच, आणि गुडघ्यांपासून कोपरांपर्यंत जांभळे होऊन घरात पोचले. भांडं पार कोळशासारखं झालं होतं, पडद्याच्या टोकाला नुकती धग लागत होती. त्यांनी गॅस बंद केला, भांडं मोरीत टाकलं, खिडकी उघडली आणि खाली बघून हात हलवला. खालून टाळ्या पडल्या.

इथे गोष्ट संपली असती तर काकांचा सत्कार वगैरे झाला असता. पण खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यात तो प्रश्न शिरला होता तो शिरलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीत कुणी वेळेवर उठलं नाही. गजर वाजला की मनात यायचं, नक्की का? ड्रायव्हरसाहेबांनी हिरव्या दिव्याला बस थांबवली. हिरवाच आहे ना? मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. प्रवासी उतरून चालायला लागले. मालकीणबाईंनी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले, परत घेतले, मोजले, पुन्हा दिले, आणि शेवटी तो माणूस पैसे तिथेच सोडून पळाला. मास्तरीणबाई आपल्या दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या. आपण आतून बाहेर निघालोय की बाहेरून आत, हे त्यांचं ठरत नव्हतं.

नक्कीकाकांना आधी आनंदच झाला. चला, लोक विचार करायला लागले! पण दुपारपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यांच्या मनात नुसतं आलं की चहा घ्यावा, की वरून, खालून, शेजारून, सगळीकडून "नक्की का? नक्की का?" उठायचं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच आवाजात. आपला आवाज इतका हळुवार, इतका समजूतदार, आणि इतका असह्य आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी कानांवर उशी घट्ट दाबली. आवाज आतून येत होता, त्यामुळे उशीचा काही उपयोग नव्हता.

त्या गदारोळात एकच कोपरा शांत होता, काकूंचा. इतक्या सगळ्यांचा "नक्की का?" तिथे जाऊन आदळत होता आणि आतून तेवढ्याच थंडपणे "हो, नक्की" येत होतं. काका आसऱ्याला तिकडे सरकले. म्हणाले, हिची खात्री कुठून येते ते तरी बघू. आणि त्या 'नक्की'च्या मागे डोकावून बघतात तर मागे काहीच नव्हतं. खात्री नाही, मत नाही, काही नाही. माशी वारावी तसा तो शब्द आपोआप येत होता. त्याच्यामागे काकू निवांत बसून दुसऱ्याच कसल्यातरी विचारात होत्या.

तसंच काकांना आणखी एक दिसलं. काकू समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या, आणि कॅलेंडरच्या जागी एक धुरकट चौकोन होता. आकड्यांच्या जागी मुंग्या. काकांनी काकूंच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघितलं. खुर्चीत शर्ट घातलेला एक उकडलेला बटाटा बसला होता.

"अगं!" काका ओरडले. "हा चष्मा तुला लागत नाहीये!"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही करून दिलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. मी म्हटलं, दुसरं भिंग बरं. तुम्ही म्हणालात, नक्की का? मग म्हटलं, बरं बाई, पहिलं. नक्की का? मग पुन्हा दुसरं. मग मला भूक लागली, अहो. मी म्हटलं, हो, हेच, नक्की."

गावभरच्या लोकांना काकांनी स्वच्छ दाखवलं होतं, आणि घरचं माणूस धुक्यात पोळ्या लाटत होतं. आणि काकूंना तारीख दिसत नाही, कॅलेंडरच दरवर्षी कसलं भिकार छापतात म्हणून त्यांनी स्वतः दुकानदाराशी भांडणही केलं होतं.

"चल," ते उठून म्हणाले. "खाली चल."

दोघं जांभळ्या जिन्यावरून उतरली. वाटेत काकांच्या पावलांचे ठसे पायऱ्यांवर वर जाताना दिसत होते. काकांनी काकूंना उंच खुर्चीवर बसवलं, चौकट चढवली, भिंग सरकवलं. तोवर सगळी इमारत मनाने त्या अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने येऊन उभी राहिली होती.

"हे बरं की आधीचं?"

"हे!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आधीचं!" ड्रायव्हरसाहेब. "नक्की का?" अध्यक्षीणबाई. आणि मग सगळेच.

"गप्प बसा!" काका इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या कपाटातल्या फ्रेमा खणखणल्या. "डोळे तिचे आहेत! बघायचं तिने आहे! जा आपापल्या घरी!"

सगळे ओशाळून गप्प झाले. काकांनी पुन्हा भिंग बदललं.

"हे," काकू म्हणाल्या.

काकांचा प्रश्न जिभेवर आला. दातांपर्यंत आला. त्यांनी ओठ आवळून धरले. कपाळावर घाम आला. काकूंनी सवयीने "हो, न..." एवढं म्हटलं आणि प्रश्न आलाच नाही म्हणून गोंधळून त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा तक्त्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्या नीट विचार करत होत्या.

"नाही, थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "आधीचं. आणि अजून जरा जास्त द्या."

काकांनी दिलं.

"हां. आता आलं."

त्या शांततेत माणसं एकेक करून निघाली. कार्यक्रम संपल्यावर लोक चपला शोधत हळूहळू पांगतात ना, तशी. आधी ड्रायव्हरसाहेबांची पाठदुखी गेली, मग मास्तरीणबाईंचं व्याकरण, मग अध्यक्षीणबाईंची हौस. शेवटी काकूही गेल्या. त्या समोरच खुर्चीत बसलेल्या होत्या, पण त्यांच्या डोळ्यांतून दिसणारा तक्ता काकांच्या मनातून विझला. आता त्यांना खरंच दिसतंय की पुन्हा भूक लागलीये, हे कळायला त्यांच्या तोंडच्या शब्दाशिवाय काही उरलं नाही. काकांनी तो शब्द घेतला आणि नंबर लिहिला.

काकांच्या ओरडण्याने ते सगळं उतरलं की उतरायचंच होतं म्हणून उतरलं, यावर इमारतीत अजून दोन तट आहेत. सभा पुन्हा दणक्यात भरतात. आता काका तिथे फार बोलत नाहीत, पण ते नुसते खाकरले तरी लोक विचारात पडतात. जिना जांभळाच राहिला. ड्रायव्हरसाहेब प्रवाशांना अधूनमधून ऱ्हस्वदीर्घ समजावून सांगतात, आणि मास्तरीणबाई गाडी मागे घेणाऱ्या कुणालाही "अजून येऊ दे, अजून येऊ दे" म्हणत अचूक लावून देतात.

चष्मा दोन दिवसांत तयार झाला. त्या संध्याकाळी काकूंनी तो लावला आणि घरभर फिरल्या. कॅलेंडरपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. छताच्या कोपऱ्यातलं जाळं बघून "अगं बाई" म्हणाल्या. औषधाच्या खोक्यावरच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मग खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललंय, काकांना काडीचं कळेना.

"काय दिसतंय?" न राहवून त्यांनी विचारलं.

"तुमच्या कानांत केस उगवलेत. केवढे!"

काका उठले आणि आरशासमोर जाऊन मान वाकडी करून बघायला लागले. मग त्यांनी कपाटाचा वरचा खण उघडला, मधला उघडला.

"कात्री खालच्यात आहे," काकू पुन्हा हातात घेतलेल्या औषधाच्या खोक्यावरून मान वर न करता म्हणाल्या.